टेबलाखालचा लाडू

सुपात शेंगदाणे पाखडावेत, सालं वाऱ्यावर उडून जावीत आणि दाणे मात्र एकमेकांवर आपटत, घरंगळत पुन्हा सुपाच्या कडेशी येऊन थांबावेत, त्या वेळी जो एक कोरडा, भरघोस, किंचित खट्याळ आवाज होतो ना, तसाच आवाज दर शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमधून येतो. जिन्यावरून जाणाऱ्या एखाद्या पाहुण्याला वाटावं, आत कुणीतरी दाणे पाखडत बसलंय. प्रत्यक्षात चार म्हातारी माणसं एका चिनी खेळाच्या एकशे चव्वेचाळीस सोंगट्या टेबलावर पालथ्या घालून आठ हातांनी ढवळत असतात. असत, असं म्हणायला हवं. आता हात सहाच आहेत, आणि माझ्यासारख्या बहिऱ्यालाही तो फरक ऐकू येतो.

कोल्हापुरात माहजोंग! तुम्ही हसलात तरी चालेल. आमच्या वेळी अख्खी गल्ली हसली होती. हा खेळ आमच्याकडे आला तो साडूंमुळे. साडू नौदलात, बंदरोबंदरी बदल्या आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या बायकांच्या क्लबात म्हणे दुपारभर हेच चालायचं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, सुट्टीत बहिणीकडे विशाखापट्टणमला गेली की थोडा थोडा शिकून यायची. पुढे साडू आणि मेव्हणी मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा सोंगट्यांची जड लाकडी पेटी तिच्या स्वाधीन करून गेले. चौघांशिवाय हा खेळ रंगत नाही. आम्ही दोघं होतोच. उरलेल्या दोघांसाठी फार हिंडावं लागलं नाही. शिवाप्पा माझा शाळेपासूनचा सोबती, शाहूपुरीतला गुळाचा अडत्या, सीमेकडच्या लिंगायत घरातला. रागावला की कानडीत आणि खुशीत आला की मराठीत बोलणारा. आणि त्याची बायको गौरक्का, जी दोन्ही भाषांत कमीच बोलायची. मी स्वतः साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर केमिस्ट. टेबलाच्या एका अंगाला साखर, दुसऱ्या अंगाला गूळ! घात व्हायचा तो गोडानंच होणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा होता?

पहिल्याच महिन्यात शिवाप्पानं त्या परदेशी चिन्हांचं बारसं उरकून टाकलं. बांबूच्या सोंगट्या म्हणजे 'ऊस', गोल चक्रांच्या त्या 'ढेपा', चिनी अक्षरांच्या त्या 'मोडी'. काही सोंगट्यांवर काहीच कोरलेलं नसतं, त्या 'कोऱ्या'. तीन सारख्या सोंगट्या जमल्या की 'पुंग' असं पुकारायचं असतं; शिवाप्पा ते अशा खणखणीत गळ्यानं पुकारायचा, की सौद्यात शेवटची बोली लावून माल उचलला असं वाटावं. निम्मे नियम आम्ही शिकलो होतो आणि निम्मे भांडून ठरवले होते.

पण खेळ हे निमित्त. मैफल जमते ती ताटलीभोवती. पहिल्या शनिवारी अतिउत्साहाच्या भरात मी टेबलाच्या मधोमध परातभर चिवडा मांडला, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि कांदा-लसूण मसाल्यात परतलेलं लालजर्द तेल. परिणाम काय झाला? तासाभरात सोंगट्यांच्या सांदीसांदीत पोह्यांचा चुरा, सुनंदाच्या कपाळावर आठ्या, आणि एका कोऱ्या सोंगटीच्या पांढऱ्याशुभ्र पाठीवर शिवाप्पाच्या अंगठ्याचा लालभडक ठसा. तिनं साबण लावला, लिंबू चोळलं, रांगोळीनं घासलं. ठसा फिका झाला, गेला नाही. तेव्हापासून ती सोंगटी पालथी असली तरी सर्वांना ओळखू येते, आणि ओळखू येत नाही असं सोंग करणं हा आमच्या खेळाचा एक अलिखित नियम होऊन बसला.

त्या दिवसापासून सुनंदाचा कायदा जारी झाला. टेबलावर तेलकट, भुरभुरीत, चिकट असं काही येणार नाही. तिच्या चकल्या, तिची तिखट कडबोळी कोपऱ्यातल्या स्टुलावर राहतील. डाव संपला की हात धुऊन, उठून खायचं. टेबलावर यायचा मान फक्त अशा पदार्थाला, जो कोरडा असेल, एका घासात संपेल आणि बोटांवर माग ठेवणार नाही. या अटी ऐकताच माझ्यातला केमिस्ट जागा झाला! पाकातला रव्याचा लाडू, आकार सोंगटीएवढा, प्रत्येक लाडवाला पातळ कागदाचं वेगळं वेष्टण. पहिला घाणा असा दगड झाला, की शिवाप्पानं एक लाडू टेबलावर आपटून 'पुंग' पुकारला आणि आपल्या सोंगट्यांत उभा करून ठेवला. मी हटलो नाही. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी भेट दिलेलं पाकाची घनता मोजायचं यंत्र मी स्वयंपाकघरात आणलं. लोकांना एकतारी पाक बोटांवर कळतो, मला काचेतून पाहावा लागायचा. पण चौथ्या घाण्याला लाडू असा उतरला, की दाताखाली क्षणभर उभा राहावा आणि मग जिभेवर विरघळून जावा. स्वतःच्या हातच्या पदार्थावर लुब्ध झालेल्या माणसाइतका आंधळा माणूस दुसरा नसतो, हे शहाणपण मला फार उशिरा यायचं होतं.

पुढे शिवाप्पाच्या रक्तात साखर निघाली. गौरक्कानं न बोलता घराचा कारभार बदलला. गुळाच्या अडत्याच्या घरातून गूळ हद्दपार झाला, भात ताटातून गेला, भाकरी मोजून वाढली जाऊ लागली. आमच्याकडे खेळताना ती लाडवांची ताटली एका बोटानं हलकेच सरकवून नवऱ्यापासून लांब करायची आणि म्हणायची, त्यास्नी नको, भावजी. शिवाप्पा मान खाली घालून सोंगट्या लावत बसायचा. त्याचं ते खाली घातलेलं डोकं पाहून माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात वाढलेल्या माणसाला 'नको' हा शब्द कळतो काय? आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नको' म्हणजे जेवणाआधीचं आचमन. दुसरं 'नको' म्हणजे यजमानाच्या प्रेमाची परीक्षा. तिसऱ्या 'नको'ला आडवा आलेला हात बाजूला सारून वाढायचं असतं, आणि चौथ्यांदा पाहुण्यानं पान उचलून पळ काढला तरच त्याचं पोट खरोखर भरलं असं समजायचं. आग्रह हे आमचं कुळदैवत! त्या दैवताचा मी एकनिष्ठ पुजारी. मग मित्र समोर उपाशी बसलेला असताना (उपाशी हा माझा शब्द) मी स्वस्थ कसा राहणार?

युक्ती सुचली ती सोंगट्या ढवळतानाच्या गलक्यात. दोघी बायकांचे हात आणि डोळे टेबलावर गुंतलेले असत. त्या वेळी मी एका हातानं ढवळायचो आणि दुसऱ्या हातानं टेबलाखालून एक लाडू शिवाप्पाच्या गुडघ्यापर्यंत पोहोचवायचो. पहिल्या वेळी त्यानं मान हलवली. मी डोळा मिचकावला आणि हात तिथंच ठेवला. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, लाडू घेतला, खोकल्याचं निमित्त करून तोंडात टाकला आणि रिकामा कागद मुकाट माझ्या मुठीत परत दिला. काय सांगू त्या वेळचा माझा आनंद! शाळेत मास्तरांच्या पाठीमागे चिंचा खाल्ल्या होत्या, तेच आम्ही दोघं पुन्हा झालो असं वाटलं. एका लाडवात साखर ती केवढी, असा हिशेब मी केमिस्टच्या अधिकारानं मांडला आणि केमिस्टच्याच अधिकारानं मंजूर केला. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. मग धीर चेपला. आठवड्यात मधेच शाहूपुरीत काहीतरी काम काढून मी त्याच्या गादीवर जाऊन बसू लागलो, खिशातून लाडवांची डबी काढायचो आणि तो ती संपवीपर्यंत समोरून हलायचो नाही. दोन वर्षं! औषध वेळेवर देणारी नर्सदेखील एवढी नेमाची नसेल.

मग एका लग्नासाठी त्यानं नवं पायताण घेतलं. नवं पायताण चावतंच. आम्ही लहानपणापासून ते चावून घेत आलो आहोत, त्याचं कुणाला काय? पण त्याच्या अंगठ्याला जखम झाली ती त्याला कळलीच नाही. त्या पायाची जाणीवच कमी झालेली होती. कळली तेव्हा अंगठा काळा पडला होता. अंगठा गेला. मग पाऊल गेलं. मग गुडघ्याखाली पाय गेला. आणि दर वेळी डॉक्टर एकच वाक्य म्हणायचे, की साखर आटोक्यात असती तर जखम भरली असती. ते वाक्य ते गौरक्काकडे पाहून म्हणायचे. मी तिच्या शेजारीच उभा असायचो, खिडकीतून बाहेर बघत.

आता माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गाढवपणाकडे येतो. आणि मी केलेल्या गाढवपणांची जत्रा भरवली तर तिला मैदान पुरणार नाही, हे लक्षात घेऊन हे विशेषण वापरतो आहे. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मी दवाखान्यात त्याला भेटायला गेलो तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात एक लाडू होता. होय, तेव्हाही! का? मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, तसा विचार न करताच माझ्या हातानं तो निघताना खिशात टाकला असावा. गौरक्का औषधं आणायला खाली गेली होती. मी कागद सोडवला, आणि त्यानं माझं मनगट धरलं. पकड अगदी क्षीण होती.

"केमिस्ट, आता नको."

मी म्हणालो, बरं वाटल्यावर खा. तो हसला. पांघरुणाखाली एक पाय संपत होता तिथं पांघरूण सपाट झालं होतं, आणि तिकडे न बघता हसणं त्याला जमत होतं, मला जमत नव्हतं.

"आरं, मला गोड आवडतच न्हाय," तो म्हणाला. "मिसरूड फुटल्यापास्नं रोज सौद्यात गूळ चाखलाय. शंभर ढेपा फोडायच्या, शंभरदा जिभंवर ठेवायचा. गोडाचा वास आला तरी पोटात ढवळतंय. तुझ्या बायकोच्या चकलीकडं बघत बसायचो की मी."

"मग दोन वर्षं खाल्लंस कशाला?"

त्यानं माझं मनगट सोडलं.

"तू टेबलाखालनं हात म्होरं करायचास," तो म्हणाला. "भरला हात माघारी कसा पाठवायचा?" आणि मग, डोळे मिटून, "गौरीला सांगू नको."

मी लाडू कागदात गुंडाळून पुन्हा खिशात ठेवला. घरी आल्यावर सुनंदानं सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात रव्याचा लगदा सापडला. मी इतकी वर्षं समजत होतो, की मी एका तुरुंगातल्या कैद्याला चोरून सुख पोहोचवतो आहे. प्रत्यक्षात तो माझ्या भिडेखातर विष गिळत होता. माझा आग्रह आणि त्याची भीड! या दोन सोज्वळ, सुसंस्कृत, घरंदाज गोष्टींनी मिळून एका माणसाचा पाय खाल्ला. वाईट माणसांपासून जपायला आपल्याला शिकवलं जातं. चांगल्या रीतींपासून कसं जपायचं ते कोण शिकवतं? आणि तो अंगठ्याचा लाल ठसा! पहिल्याच दिवशी त्याच्या जिभेनं तिखटाच्या बाजूनं आपली साक्ष सोंगटीवर उमटवून ठेवली होती. दर शनिवारी ती माझ्या नाकासमोरून जात होती. मी वाचली नाही.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि आठवड्याभरात शिवाप्पा गेला. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. खड्ड्यात तो उरलेल्या पायाची मांडी घालून बसला होता, मान किंचित पुढे झुकलेली, एरवी टेबलाशी असायची तशीच. माझी पाळी आली. मी मूठभर माती घेतली आणि हात पुढे केला. तोही हात त्यानं माघारी पाठवला नाही.

त्यानं सांगितलं होतं, गौरीला सांगू नको. मी पाळलंही असतं. गप्प बसण्यात माझाच लाभ होता, आणि मेलेल्या मित्राची आज्ञा असलं भरजरी कारण भेकडाला रोज कुठं मिळतं? पण दीड महिन्यानं मी शाहूपुरीत तिला भेटायला गेलो तेव्हा ती भाकरी थापत होती, एकटीसाठी, आणि थापता थापता मला एकेक सांगत होती. भाकरी केवढी द्यायची. दूध किती. कुठल्या सणाला त्यानं भाताकडे पाहिलं आणि तिनं वाटी उचलली. सगळं बारकाईनं, जणू मी न्यायाधीश आणि ती आपली बाजू मांडते आहे. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"माझं कुठं चुकलं, भावजी?" तिनं विचारलं. "तुमी शिकल्यालं हायसा. माझ्या हातनं काय ऱ्हायलं?"

शिकल्यालं! त्या एका शब्दानं माझ्या सगळ्या पळवाटा बंद केल्या. एकीकडे त्याला दिलेला शब्द, दुसरीकडे ही बाई, जी माझा अपराध आपल्या पदरात बांधून उरलेलं आयुष्य काढायला बसली होती. मी सांगितलं. लाडू, टेबलाखालचा हात, गादीवरची डबी, सगळं. त्याला ते आवडत नव्हतं, हेही सांगितलं. तिनं करपलेली भाकरी उतरवून बाजूला ठेवली.

"त्यांच्या ताटातला भात काढून घेतला मी," ती म्हणाली. "सणाच्या दिवशीसुदिक. त्यांच्या हातातनं."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी ऋणी झालो असतो. मी उठलो, दारापर्यंत आलो, पायात पायताण घातलं. त्या घरातून चहा न घेता बाहेर पडायची ती माझी पहिली वेळ. कोल्हापुरात एवढा निकाल पुरतो. घरी येऊन सुनंदाला सांगितलं, तर तिनं पाकाचं ते यंत्र कापडात बांधून माळ्यावर टाकलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली ते इतकंच, की तिला चकल्यांची ताटली शिवाप्पाजवळ सरकवता आली असती, पण टेबलावर डाग पडेल म्हणून तिनं सरकवली नाही. अपराधाचा वाटा तिनंही आपणहून उचलून घेतला. आमच्यात तो एवढा एकच पदार्थ असावा, जो वाढावा लागत नाही.

दोन-अडीच महिने पेटी बंद होती. मग एका शनिवारी पाच वाजता बेल वाजली आणि दारात गौरक्का. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा इथली भिंत बांधते, असं ती सुनंदाला म्हणाली. डाव सुरू करताना सोंगट्या रचून जी भिंत करतात, ती चार बाजूंची असते. चौथी बाजू आता सुनंदा रचते. तेव्हापासून एक शनिवार चुकलेला नाही. ती येते, खेळते, अगदी मन लावून खेळते आणि आठाच्या आधी उठते. पण आमच्या घरात ती काही खात नाही. पाण्याची बाटली घरून आणते. मी चकलीची ताटली पुढे करतो आणि म्हणतो, घ्या, गौरक्का. ती मान हलवते. दुसऱ्यांदा 'घ्या' म्हणायला माझी जीभ अजून वळवळते. मी ती दाताखाली धरतो. जन्मभर ज्यानं तिसरं 'नको' मोडून वाढलं, त्या माणसाला पहिलं 'नको' मानून मागे फिरणं किती अवघड जातं, हे तुम्हाला कसं सांगू?

एक लबाडी मात्र मी अजून करतो, जित्याची खोड. भिंत रचताना ती डागाळलेली कोरी सोंगटी मी अशा ठिकाणी बसवतो, की गौरक्काच्या वाट्याला यावी. पाठीवरचा ठसा सगळ्यांनाच दिसतो, तेव्हा ही चोरी चोरीसुद्धा नव्हे. तिच्या हाती ती येते. तिनं अंगठा त्या ठशावर ठेवला की चारी बाजूंनी जागा उरते. एकटी कोरी हातात धरून डाव जिंकता येत नाही, ती टाकावी लागते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती टाकत नाही. दर शनिवारी हरते.

गेल्या शनिवारी डाव संपल्यावर तिनं ती सोंगटी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, आता ही लावून ठेवू नका. यायची तवा यील."

मी बरं म्हणालो. एकदाच म्हणालो. मग स्टुलावरची ताटली उचलली आणि आत निघालो. भरलेली ताटली रिकामीपेक्षा जड असते हे केमिस्टला वेगळं सांगायला नको. पण माघारी जाणारी भरली ताटली त्याहूनही जड असते, याचं माप कुठल्याच प्रयोगशाळेत नाही. स्वयंपाकघरात मी ती ओट्यावर ठेवून उभा राहिलो. बाहेर दोघींनी सोंगट्या पालथ्या घालून ढवळायला घेतल्या होत्या. चारच हात. सुपात थोडेच दाणे उरले असावेत तसा तो आवाज, विरळ, कोरडा, आणि मधूनमधून थांबणारा. सुनंदानं आतल्या दिशेनं हाक मारली, की भिंत लावायची आहे, या. मी नळाखाली हात धरले, दोन्ही, नीट पुसले आणि रिकामेच घेऊन बाहेर गेलो.